स्प्लिट कॅसेट: एकाचं ३४ मिनिटं, दुसऱ्याचं १९, आणि लेबलची ऑफर घ्यावी का?

बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही भोसरीतल्या प्रेस शॉपचे (पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या कारखान्याचे) आवाज रेकॉर्ड करून इंडस्ट्रियल नॉइज, म्हणजे यंत्रांच्या गोंगाटाचं संगीत, करता. इचलकरंजीचा एक जण यंत्रमागांच्या आवाजावर काम करतो. दोघांची मिळून एक स्प्लिट कॅसेट, म्हणजे एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला तो, काढायचीय, तुमचा माल ३४ मिनिटांचा, त्याचा १९. पुण्यातलं एक छोटं लेबल (कॅसेट काढून विकणारं) म्हणतंय १०० कॉप्या काढू, निम्मा खर्च तुम्ही दोघं मिळून द्या, तुम्हाला दोघांत २० कॉप्या देऊ. आणि तुम्ही विचारताय की सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची कॅसेट) घ्यावी का, क्रोम टेप घ्यावी का, काँटॅक्ट माइकने (मशीनला चिकटवायच्या माइकने) घेतलेला प्रेसचा आवाज पातळ का वाटतोय, आणि १०० खपतील का.

मी कॅसेट डेक दुरुस्तीची कामं करतो आणि जोडीला एक बारकं लेबल चालवतो, त्यामुळे खालचं सगळं त्या अनुभवातून आहे, पुस्तकातलं नाही. तुम्ही विचारलंय टेपबद्दल, पण अडचण टेपची नाहीये हो. अडचण अशी की ३४ आणि १९ हे दोघं एका वस्तूत निम्मे-निम्मे भागीदार म्हणून बसत नाहीयेत, आणि कुणाचं काय, किती, कशावर, हे अजून कुणी स्पष्ट बोललेलंच नाहीये. मिनिटं ठरली की टेप ठरते, टेप ठरली की खर्च ठरतो, खर्च ठरला की लेबलची ऑफर बरी की वाईट ते आपोआप दिसतं. तुम्ही उलट्या टोकाकडून निघालात एवढंच.

आता सी-९० चं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते. म्हणजे एका बाजूला २० मिनिटं हवी असतील तर ५७ मीटर टेप लागते, ३० मिनिटांना ८६ मीटर, आणि ४५ मिनिटांना जवळपास १२९ मीटर. डबी तर तेवढीच असते, मग १२९ मीटर आत कोंबायची तर टेप पातळ करावी लागते. सी-६० ची टेप साधारण १६ ते १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२ च्या आसपास, सी-१२० ची तर ९. पातळ टेप काही वाईट नसते, गाण्यांना चालते, पण तुमच्या मालाला ती नडणार, कारण रिळावर गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्यातला मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो आणि टेप जेवढी पातळ तेवढं हे जास्त. तुमच्याकडे शांतता, मग प्रेसचा एक दणका, परत शांतता असा प्रकार आहे ना, तिथे दणका पडायच्या दोनेक सेकंद आधी त्याचंच भूत बारीक आवाजात ऐकू येईल. सलग भिंतीसारखा नॉइज असेल तर हे झाकलं जातं, तुमचा तसा नाहीये. शिवाय सी-९० घेतली तर तुमच्या मित्राच्या बाजूला १९ मिनिटांनंतर २६ मिनिटं कोरी टेप. ऐकणाऱ्याने ती फॉरवर्ड करत बसायची, आणि अर्ध्या लोकांना वाटणार की कॅसेटच खराब निघाली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, लहान बाजू लांबी ठरवते. त्याचं १९ आहे, तुम्ही २० च्या आत या आणि सी-४० करा. "माझी १४ मिनिटं कापू का" असं तुम्हाला लगेच वाटणार, कुणालाही वाटेल, पण ३४ मिनिटांत तीन-चार वेगळे पीस असतील तर त्यातले दोन निवडा आणि बाकीचे पुढच्या वेळेला ठेवा. स्प्लिट ही तुमची समग्र ग्रंथावली नाहीये. समोरच्याच्या बाजूला तुमची बाजू काय उत्तर देते हे महत्त्वाचं, आणि प्रेस विरुद्ध माग ही जोडी मुळात फार चांगली आहे. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे मारतो, धोटा इकडून तिकडे, तो ठेका थांबतच नाही, आणि प्रेसमधे माणूस पत्रा सरकवतो आणि पेडल दाबतो तेव्हाच ठोका पडतो, म्हणजे ठोका माणसाच्या दमावर चालतो. एका बाजूला मशीन माणसाला पळवतंय, दुसरीकडे माणूस मशीनला. हे २० मिनिटांत जितकं कळेल तितकं ३४ मधे कळणार नाही, असं माझं मत.

हां, तुमचं ३४ म्हणजे एकच सलग पीस असेल आणि तो हळूहळू चढत जाणारा असेल तर गोष्ट वेगळी. मग कात्री लावू नका. अशा वेळी मित्राला विचारा की त्याचं खरंच ३०-३२ पर्यंत वाढणारं काही आहे का, पण ओढूनताणून वाढवायला सांगू नका, ताणलेलं लगेच कळतं. नाहीतर तो पीस स्वतंत्र कॅसेट म्हणून काढा आणि स्प्लिटसाठी नवं २० मिनिटांचं करा. काही लेबलं लहान बाजू दोनदा रेकॉर्ड करून जागा भरतात, म्हणजे त्याचं १९ दोनदा, ३८. मला हे पटत नाही, पण चुकीचं आहे असंही नाही.

थोडं विषयांतर. बरेच जण कॅसेट म्हटलं की जुन्या आठवणींचा विषय काढतात, या संगीतात तो मुद्दाच नव्हता कधी. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मधे, आणि इंडस्ट्रियल हे नाव ज्यांच्यामुळे पडलं त्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने लंडनमधे १९७६ ला स्वतःचं इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स हे लेबल काढलं, कारण असला माल दुसरं कोण छापणार होतं. त्यांनी आपल्या लाइव्ह रेकॉर्डिंगच्या २४ कॅसेट एका ब्रीफकेसमधे घालून विकल्या होत्या. टोकियोत नॉइज करणारा मर्झबाव म्हणजे मासामी अकिता ८० च्या दशकाच्या सुरुवातीला घरीच कॅसेट भरून, कव्हरला झेरॉक्स केलेली कोलाज लावून पोस्टाने जगभर पाठवत होता. इंग्लंडमधे गॅरी मंडीचं ब्रोकन फ्लॅग हे लेबल १९८२ चं, तेही असंच. विनाइल करायची तर किमान काहीशे कॉप्या छापाव्या लागतात, कॅसेट दहासुद्धा काढता येते, मागणी आली तर परत पाच भरता येतात. आणि स्प्लिट का, तर दोघांचा खर्च एकात होतो आणि त्याचे ऐकणारे तुम्हाला मिळतात, तुमचे त्याला. आपल्याकडे ८० च्या दशकात भजनं, पोवाडे, लोकगीतं, सगळं कॅसेटमुळेच गावोगाव पोचलं, कारण तेच, भरायला स्वस्त. म्हणजे कॅसेट निवडायचं कारण हिशोबाचं आहे, आणि हिशोब जमत नसेल तर कॅसेट काढायची गरज नाही. १०० चा आकडा याच कारणाने मला खटकतोय, त्यावर खाली येतो.

क्रोम टेप नको. क्रोम म्हणजे टाइप टू टेपचा फायदा मुख्यतः हिस (टेपची सततची सरसर) कमी, काही डेसिबलने, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला जरा जास्त वाव. तुमच्या संगीतात हिस हेच अर्धं वाद्य आहे, त्यासाठी जास्त पैसे कशाला. दुसरं म्हणजे आज नवी बनून येणारी टेप बहुतेक टाइप वन, साधी फेरिकच असते, क्रोम म्हणून जे मिळतं ते जुनं पडून राहिलेलं असतं आणि दर रोलला वेगळं निघतं. तिसरं, तुमचा ऐकणारा कशावर ऐकणार? हल्लीच्या स्वस्त प्लेयरला टाइपचं सेटिंगच नसतं, क्रोम टेप त्यावर चकचकीत आणि किरकिरी वाजते. फेरिकवर लेव्हल जरा जोरात दिली की टेप स्वतःच आवाज दाबते, कडा गोल करते, प्रेसच्या दणक्याला ते फार छान बसतं. डॉल्बीसुद्धा (डेकमधली हिस कमी करायची सोय) बंद ठेवा, नव्या प्लेयरमधे डॉल्बी नसतंच, आणि डॉल्बी लावून भरलेली टेप त्याशिवाय वाजवली की विनाकारण कर्कश होते.

टेप आणायची कुठून, तर नवी सी-४० बाहेरून मागवली तर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरा, कधी कधी ते टेपपेक्षा जास्त होतं. दुसरा मार्ग जुना बाजार, बुधवार-रविवार, तिथे भजनाच्या, प्रवचनाच्या कॅसेट ढिगाने मिळतात आणि त्यावरच परत भरता येतं. स्वस्त पडतं, पण तपासून घ्या. मधल्या स्प्रिंगवरचा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला असेल तर ती कॅसेट कामाची नाही, टेप हेडला नीट चिकटणारच नाही. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी येते, खिडकीतून रिळाकडे तिरकं बघितलं की दिसते, ती डेकमधे घालूच नका, हेड आणि रोलर दोन्ही घाण होतात आणि मग पुढच्या दहा चांगल्या कॅसेटही बिघडतात. छापील कॅसेटची मागची चावी, म्हणजे कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा, तोडलेली असते, तिथे सेलोटेप लावा, म्हणजे रेकॉर्ड होईल. आणि भरताना २० मिनिटांवर थांबू नका, बाजू संपेपर्यंत शांतता रेकॉर्ड करत राहा, नाहीतर तुमचा प्रेस बंद पडला की मागून एकदम आरती सुरू होते. काही लोकांना ते आवडतं म्हणा, पण ते ठरवून केलेलं असावं.

काँटॅक्ट माइकचं बघू. तुम्ही लिहिलंय की प्रेसच्या बॉडीला पिएझो (काँटॅक्ट माइकची चकती) चिकटवून घेतलेला आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो, खालचा दम येत नाही. दोष पिएझोचा नाही, तुम्ही तो बहुतेक थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनला जोडताय. पुण्यात टपकीर गल्लीत मिळते ती २७ मिलीमीटरची चकती, तिची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असते, आणि लाइन इनपुटचा इंपीडन्स १० किलोओहमच्या आसपास. या दोघांचं मिळून एक फिल्टर तयार होतं जे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवत नेतं. तीच चकती ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला आवाज जोडायच्या डब्याच्या) गिटारवाल्या इनपुटला लावा, तिथे १ मेगाओहम असतो, आणि तोच कट ८ हर्ट्झवर जातो. म्हणजे सगळा दम परत येतो. वायर छोटी आणि शील्ड असलेली घ्या, सोल्डर करताना चकती जास्त तापवू नका. आणि चकती मशीनला डबल टेपने लावू नका, फोम मधे आला की वरचा आवाज मरतो, सी-क्लँपने घट्ट दाबून धरा, मधे इन्सुलेशनला साधा कागद चालतो. गुरुवारी भोसरी-पिंपरीत सुट्टी असते, तेव्हा मालक निवांत असतो आणि मेंटेनन्सला एखादंच मशीन चालू असतं, एकेक आवाज सुटा घ्यायला तो दिवस बरा. चालू प्रेसजवळ वायर लोंबकळत ठेवून रेकॉर्डिंग करायला मात्र जाऊ नका, मालकाने परवानगी दिली तरी नाही. आणि कामगारांचं बोलणं रेकॉर्डिंगमधे आलं असेल तर त्यांना ऐकवून विचारा. कव्हरवर "फॅक्टरीतले आवाज" लिहून कुणाची तरी घरची भांडणं छापणं बरं दिसत नाही.

(ढोल-ताशा टाकावा का असं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. नको. पुण्यातला प्रत्येक नॉइजवाला पहिल्या वर्षी नदीपात्रात जाऊन पथकाचा सराव रेकॉर्ड करून येतो. ठोक्याचाच आवाज हवा असेल तर कसब्यात तांबट आळीत जा, तिथे तांब्यावर हातोडा पडतो तो आवाज तुमच्या प्रेसच्या शेजारी जास्त शोभेल, पण तिथेही विचारून.)

आता टेपवर भरण्याआधीचं मास्टरिंग, म्हणजे शेवटच्या फाइलचा आवाज आणि लेव्हल जुळवणं. इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉम्प्युटरवर जोरात वाजणारी फाइल टेपवर जोरात वाजतेच असं नाही. फेरिक टेपला वरच्या फ्रिक्वेन्सी मोठ्या लेव्हलला झेपत नाहीत, तुम्ही जेवढं वर ढकलाल तेवढं ती गिळते आणि बदल्यात नुसतं "श्श्श" देते. म्हणून १२ किलोहर्ट्झच्या वर हलकासा उतार द्या, आणि खाली ३५-४० हर्ट्झच्या आतलं सगळं काढून टाका, ते छोट्या स्पीकरवर ऐकू येतच नाही पण टेपची जागा मात्र खातं. प्रेसच्या दणक्याचं शिखर सरासरी आवाजापेक्षा फार उंच असतं, काट्याचा मीटर ते पकडतच नाही, काटा हलायच्या आत दणका होऊन गेलेला असतो. त्यामुळे काटा बघून लेव्हल लावली तर दणका टेपवर बराच दाबला जातो. किती दाबला गेलेला आवडतो हा तुमचा प्रश्न, मला जरा दाबलेला आवडतो. मागांचा आवाज मात्र सलग असतो, तिथे काटा शून्याच्या आसपास ठेवला की झालं, लाल भागात नेऊ नका, मागाच्या ठेक्याच्या मधे जी बारीक खडखड असते ती आधी जाते.

मग दोन्ही बाजूंची लेव्हल एकमेकींशी जुळवा, आणि ती कानाने. मीटरवर आकडे सारखे आले तरी सलग आवाज जास्त मोठा वाटतो. ऐकणाऱ्याने कॅसेट उलटली की व्हॉल्यूमला हात लावावा लागू नये, एवढीच कसोटी. आणि सगळं ठरवायच्या आधी तुमच्या पीसमधली सगळ्यात दाट दोन मिनिटं आणि सगळ्यात शांत दोन मिनिटं, जी टेप शेवटी वापरणार आहात त्याच टेपवर भरा आणि तीन जागी वाजवा, चांगल्या डेकवर, एखाद्या स्वस्त वॉकमनवर, आणि कुणाच्या तरी घरच्या जुन्या टू-इन-वनवर. टू-इन-वनवर जर दणका आणि खडखड वेगवेगळे कळले तर मास्टर तयार आहे असं समजा. मित्राची बाजूही याच टेस्टमधून जाऊ द्या, त्याने इचलकरंजीत हेडफोनवर मिक्स केलंय आणि तुम्ही मॉनिटरवर, हे दोन्ही टेपवर एकसारखे उतरणार नाहीत.

भरताना सुरुवातीला सहा-सात सेकंद शांतता ठेवा, टेपच्या तोंडाशी जी पारदर्शक किंवा रंगीत पट्टी असते तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही आणि तुमचा पहिलाच ठोका कापला जातो. सगळ्या कॉप्या एकाच डेकवर भरा, हेडचा कोन प्रत्येक डेकचा केसभर वेगळा असतो आणि त्याने वरचा आवाज कमीजास्त होतो. दोन डेक वापरायचे असतील तर आधी दोघांवर भरलेली कॅसेट एकमेकांवर वाजवून बघा. हेड आणि रोलर दर चार-पाच कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाय-स्पीड डबिंगचं बटण विसरून जा.

आणि इथे १०० चा आकडा. सी-४० प्रत्यक्ष वेगाने भरायला ४० मिनिटं. १०० कॉप्या म्हणजे ४००० मिनिटं, ६६ तास ४० मिनिटं, एका डेकवर, अधेमधे उलटायचा वेळ वेगळा. ५० केल्या तरी ३३ तास होतात. लेबलला विचारा की हे कोण भरणार आहे, कशावर, आणि डेकची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली. यावर उत्तर "एक मित्र आहे" असं आलं तर मला काळजी वाटेल.

आता पैशाचं. दर जागेप्रमाणे, टेपप्रमाणे बदलतात, त्यामुळे खालचा हिशोब फक्त समजायला. समजा टेप, डबी, छपाई धरून एका कॉपीला १५० रुपये पडले आणि विक्री ३०० ला. १०० कॉप्या म्हणजे १५,००० खर्च, त्यातले ७,५०० तुमचे दोघांचे. तुम्हाला मिळणार २० कॉप्या. भागा, एक कॉपी तुम्हाला ३७५ ला पडली. म्हणजे तुम्ही स्वतःचीच कॅसेट गिऱ्हाइकापेक्षा महाग विकत घेताय. लेबलकडे ८० राहतात, त्यांचे ७,५०० वसूल व्हायला २५ विकल्या की झालं, उरलेल्या ५५ चा सगळा पैसा त्यांचा. आणि नाही विकल्या तर तोटा निम्मा तुमचा. लेबलवाले वाईट आहेत असं मी म्हणत नाही, बऱ्याचदा त्यांनी असा हिशोब केलेलाच नसतो, "निम्मा-निम्मा" ऐकायला बरोबर वाटतं म्हणून बोलून जातात.

छोट्या लेबलांत साधारण चालतं ते असं की खर्च सगळा लेबलचा, आणि कलाकारांना छापलेल्यापैकी दहा ते वीस टक्के कॉप्या प्रत्येकी, पैसे नाहीत. ५० काढल्या तर तुम्हाला १०, मित्राला १०, लेबलला ३०. त्यांचे ७,५०० वरच्याच दराने २५ विकल्यावर वसूल, पाच वर राहतात, त्या दुसऱ्या लेबलांशी अदलाबदलीला जातात. आणि तुम्ही खर्चात निम्मे असाल तर कॉप्याही निम्म्या घ्या. या दोन्हीपैकी काहीही चालेल, मधलं नको. तुमच्या पहिल्याच कॅसेटला ५० पुष्कळ झाल्या, संपल्या तर परत भरता येतात.

कागदावर काय हवं ते सांगतो, हे तोंडी ठेवू नका, मित्रामित्रांतच जास्त वांधे होतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. तुम्ही एका पानावर लिहा की लेबलला ५० कॅसेट काढायची परवानगी, डिजिटलचे हक्क ज्याचे त्याच्याकडे, मास्टर फाइल ज्याची त्याच्याकडे, परत भरायच्या असतील तर दोघांना विचारून. सही तिघांची. वकील लागत नाही एवढ्याला. याच कायद्याचं कलम ५२ए सांगतं की प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या डबीवर ते कुणी केलं त्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष हवं. अंडरग्राउंडवाले काळ्या कव्हरवर काहीच न लिहिण्यात भूषण मानतात, तुम्ही लिहा.

कव्हर. जे-कार्डची (डबीत बसणाऱ्या घडीच्या छापील कागदाची) उंची साधारण १०१ मिलीमीटर, पुढचं पान ६५, कणा १२-१३, मागची पट्टी १६ च्या आसपास, पण ज्या डब्या घेतल्यात त्यातली एक फोडून मोजा आणि मगच छापायला द्या. २०० ते २५० जीएसएमचा कागद, घडीला क्रीझ मारून, नाहीतर शाई फुटते. लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटवाल्याकडे हे एका रंगात फार छान होतं आणि तो आकडा कमी म्हणून नाक मुरडत नाही, फक्त लग्नाच्या सीझनमधे जाऊ नका. कॅसेटवर कागदी स्टिकर लावू नका, उन्हात डिंक सुटतो आणि डेकमधे अडकतं, रबरी शिक्का करून घ्या. ए आणि बी बाजू म्हणूच नका, एका बाजूवर "भोसरी" आणि दुसरीवर "इचलकरंजी" एवढा शिक्का मारा, पहिला कोण हा वादच मिटतो. आणि लेबलने कव्हरला प्रेतांचा फोटो सुचवलाय म्हणता, तो नको. ८० च्या दशकात धक्का द्यायला लोकांनी छळछावण्या, खुन्यांचे फोटो वापरले, तेव्हाही त्यातलं बरंचसं पोरकट होतं. मागाच्या धोट्याचा फोटो काढा, त्याची लोखंडी टोकं झिजून चकाकतात, ते बघायला पुरे आहे.

विक्रीचं थोडक्यात. बँडकँप (संगीत विकायची वेबसाइट) वस्तूंवर १० टक्के कापतं, डिजिटलवर १५. पैसे पेपॅलने येतात आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केलेत, त्यामुळे बाहेरच्यांसाठी बँडकँप आणि आपल्या लोकांना थेट यूपीआय, हे पेजवर आधीच लिहून ठेवा, नाहीतर नाशिकचा माणूस पैसे भरायचा प्रयत्न करून कंटाळून जातो. पाठवताना डबीला बबल रॅप आणि वर कडक पुठ्ठा, साधं पाकीट नको. टेपला पोस्टात काही होत नाही, एक्स-रेनेही नाही, पण डबीचं प्लॅस्टिक तडकतं, आणि लोक फोटो काढून पाठवतात. म्हणून ५० कॅसेटला डब्या ५५-६० घ्या आणि तक्रार आली की वाद न घालता रिकामी डबी पाठवून द्या.